खडीवरचा मुराळी

प्रेमराज दारात मोटरसायकल थांबवून उतरला, डोक्यावरचा रुमाल सोडून झटकला, आणि आई पाण्याचा तांब्या नि भाकरीचा तुकडा घेऊन पुढे आली तेव्हा त्याने मोठ्या ऐटीत सांगितलं की बघ, आणली तुझी लेक. प्रमिलाबाईंनी त्याच्यावरून तुकडा ओवाळला, मग लेकीवरून ओवाळायला हात पुढे केला आणि तो हात हवेतच राहिला.

"आंडेर कोठे शे?" त्यांनी लेकीचं विचारलं.

"मांगे शे ना."

"मांगे ते थैली शे, भो."

प्रेमराजने वळून पाहिलं. मागच्या सीटवर बहिणीची, ज्योतीची, जांभळी थैली होती. गावापासून दोन किलोमीटरवरच्या म्हसोबाच्या चढाला, खडी फार सुटी म्हणून, त्याने बहिणीला खाली उतरवलं होतं. गाडी एकट्याने वर काढतो, तू चालत ये, वर बस, असं ठरलं होतं. गाडी वर निघालीही. पण थांबलो तर पुन्हा रुतेल या धास्तीने तो माथ्यावर थांबलाच नाही, हळू चालवत राहिला, आणि उताराला थैली घसरून पाठीला टेकली तेव्हा बहीण बसली असं तो धरून चालला. पुढचा सगळा रस्ता तो थैलीशी बोलत आला. मेहुण्याच्या चुका काढल्या, आईच्या गुडघ्याचं सांगितलं, गिरणीचा पट्टा कसा तुटला तेही सांगितलं. थैली काही बोलली नाही. लग्नानंतर पोरगी फार समजूतदार झाली, असं त्याला मनातून वाटलंही होतं.

तो परत चढाशी पोहोचला तर ज्योती रस्त्याकडेच्या निंबाखाली, शेजारच्या मळ्यातल्या बाईने दिलेलं टरबूज खात बसलेली. तिने लगेच उठायची घाई केली नाही. फोड संपवली, बिया नीट थुंकल्या.

"ऊना का?" ती म्हणाली. "थैलीनी जेवन करं का?"

त्याने माफी मागितली, तर तिने ती घेतली नाही. माफी नको, म्हणाली, उसनं फेडायचं. एक दिवस मी तुला ह्याच निंबाखाली उतरवीन, गाडी घेऊन निघून जाईन, आणि आठवण येईल तेव्हा परत येईन. कबूल असेल तर बसते, नाहीतर सासरी बोदवडला परत जाते. प्रेमराजने कबूल केलं. ज्योती सासरी स्कुटी फिरवायची, त्यामुळे धमकी पोकळ नव्हती.

एवढ्यावर थांबलं असतं तर घरातली गंमत म्हणून विरून गेलं असतं. पण सोनशेवडीत बातमी पिठासारखी असते. गिरणीतून निघाली की प्रत्येक घराच्या डब्यात जाते. आणि गिरणी प्रेमराजचीच.

आता हे मुराळीचं प्रकरण सांगायला हवं. आमच्या खानदेशात अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, पण आपल्या आपण येत नाहीत. माहेरचा कुणी, शक्यतो भाऊ, घ्यायला जातो, तो मुराळी. तो सासरी जेवतो, तिथल्या आजेसासूला नमस्कार करतो, कशी आहे तब्येत वगैरे विचारतो, आणि मग लेकीला घेऊन निघतो. पूर्वी बैलगाडी होती. आता सोनशेवडीचे भाऊ सुरतेच्या यंत्रमागांवर, नाशिकच्या कारखान्यात, कुणी पुण्यात. सणाच्या आदल्या दिवशी रात्री पोहोचणार, त्यात बहिणीला आणायला कोण जाणार? मग गिरणीवर फोन येतो. भो, मना बहीणले लई ये. पहिल्या वर्षी प्रेमराजने एका मित्रासाठी केलं. दुसऱ्या वर्षी चौघांसाठी. आता अखाजीच्या आधीचा आठवडाभर गिरणी सकाळीच चालते, दुपारी कुलूप, आणि मालक अर्ध्या गावाचा भाऊ होऊन फिरतो. घराघरांत जेवायला बसवतात. नाही म्हटलं तर लेकीच्या सासूला राग येतो, म्हणून एकाच दिवशी तीन ठिकाणी आमरस खाण्याचा प्रसंगही त्याच्यावर येऊन गेला. त्या दिवशी गाडी नेहमीपेक्षा सरळ चालली, असं तो सांगतो. वजन खाली होतं म्हणे.

गाडी म्हणजे शंभर सीसीची, जुनी, लाल टाकीची. धुळ्याहून गिरणीचे पट्टे आणायला घेतलेली. डांबरी रस्त्यावरची गाडी. टायर पातळ, पुढच्याची नक्षी पुसत आलेली. तिच्या नशिबात डांबर थोडंच आलं. सोनशेवडीला येणाऱ्या रस्त्यावर खडी टाकून ठेकेदार निघून गेला, त्याला दोन अखाज्या होऊन गेल्या. तो डांबर आणायला गेलाय, असं गावात अजून सांगतात. सांगताना कुणी हसत नाही, त्यामुळे नव्या माणसाला खरं वाटतं.

तर मुराळी बहीण सांडून आला, ही बातमी सगळीकडे गेली. बाकीच्या लेकींच्या सासरी हसण्यावारी नेली गेली. एका घरी जावयाने थैलीसाठीही पाट मांडला. पण धामणपाटला बातमी पोहोचली तेव्हा तिथे कुणी हसलं नाही, आणि प्रेमराजला त्याच घरची काळजी होती.

धामणपाटला तानुबाई दिली होती. सोनशेवडीची लेक, आता सत्तरीची. तिचा भाऊ गेल्यापासून ती अखाजीला आलीच नव्हती. भाचे सुरतेला, ते ऐन सणाच्या पहाटे येतात. तानुबाईच्या मुलाकडे, यादवकडे, भाजीपाल्याची पिकअप होती. चल, मी सोडतो, असं तो दर वर्षी म्हणायचा. म्हातारी दर वर्षी एकच उत्तर द्यायची.

"आंडोर काय मुराळी व्हस का? मुराळी माहेरतून येस."

मुलगा मुराळी होत नाही, आणि माहेरातून कुणी आलं नाही म्हणून ती जात नव्हती. रुसवा नव्हता तो. तिच्या हिशेबाने, बोलावलं नाही त्या घरी जायचं कसं, एवढाच प्रश्न होता. यंदा तिच्या वहिनीने, ताईबाईने, गिरणीत दळण ठेवता ठेवता प्रेमराजला विचारलं. दळण बाजरीचं होतं, आवाज मोठा होता, म्हणून तिने दोनदा विचारलं.

"तानुबाईले लई येशी का, भो? यंदा तिना हातनी घागर भराई जावो."

अखाजीला गेलेल्या माणसाच्या नावाने मातीची नवी घागर भरतात. भावाची घागर तानुबाईच्या हाताने कधी भरली गेलीच नव्हती. प्रेमराजने हो म्हटलं, तेव्हा त्याला त्यात काही अवघड वाटलं नव्हतं. मग तानुबाईचा निरोप आला: मी येईन, पण घागर मी माझ्या गावच्या कुंभाराकडूनच घेईन आणि मांडीवर घेऊन येईन. भावाला दुकानची घागर नको.

म्हणजे मागे सत्तरीची बाई, तिच्या मांडीवर कच्च्या नशिबाची मातीची घागर, आणि खाली सहा किलोमीटर सुटी खडी. त्यातच थैलीची बातमी धामणपाटला पोहोचली, आणि यादवने फोन करून स्वच्छ सांगितलं.

"मायले मी नही धाडस. ज्यानी सख्खी बहीण रस्तावर सांडी दिन्ही, त्याना मांगे मनी माय बसाडू का?"

यादवचं चुकत नव्हतं.

त्या संध्याकाळी तो ओट्यावर तोंड पाडून बसला. ज्योतीने दोनदा विचारलं, मग तिसऱ्यांदा विचारायच्या ऐवजी घरातलं जुनं, पाझरणारं मडकं पाण्याने भरून आणलं, आणि म्हणाली की चल, मी तानुबाई होते. तो म्हणाला, वेडी आहेस का. ती म्हणाली, सांडलेल्या बहिणीला आता आणखी काय व्हायचंय.

पहिलं मडकं गावाबाहेरच्या पहिल्याच वळणावर फुटलं. पाणी ज्योतीच्या अंगावर, खापऱ्या खडीत. प्रेमराजने एक मोठा दगड दुरूनच पाहिला होता. त्यावरून जायचं नाही म्हणून त्याच्यावर डोळे रोखले, आणि चाक इमानदारीने त्या दगडावरच गेलं. दुसरं मडकं शेजारणीने दिलं. ते पुढच्या ब्रेकमुळे गेलं. पुढचा ब्रेक दाबला की खडीवर पुढचं चाक आडवं पळतं, हे प्रेमराजला ठाऊक होतं, पण बोटांना ठाऊक नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्याने ब्रेकच्या मुठीला चिंधी बांधली, म्हणजे बोट लागलं की आठवण होईल.

मोबाइलवर त्याने एक व्हिडिओही पाहिला. त्यात परदेशातला एक गडी, अंगावर पोलादासारखं काहीबाही चढवून, म्हशीएवढ्या गाडीवर उभा राहून डोंगर चढत होता. प्रेमराजनेही पायदानांवर उभं राहून पाहिलं. पाठीमागून ज्योतीने विचारलं की मी कोणाला धरू. तेव्हा तो बसला.

मग त्याला आपल्या गिरणीचंच आठवलं. दळताना दाणे वरून आपल्या चालीने पडू द्यायचे असतात. हाताने रेटलं की पीठ जाड येतं. गाडीलाही त्याने तसंच सोडलं. मुठी सैल, कोपर सैल, नजर लांबच्या वळणावर. गाडी खडीवर थोडी डुलणार, डुलू द्यायची. रागावून सरळ करायला गेलं की पडणार. दुसरा गिअर, एकसारखा वेग. रस्त्याच्या मध्ये खडीचा वरंबा साचलेला असतो, त्याच्यात शिरायचं नाही. ट्रॅक्टरच्या चाकांनी दाबलेल्या पट्टीतून जायचं. टायरमधली थोडी हवा त्याने काढली, तेव्हा गाडी जमिनीला धरून चालू लागली.

तोवर गावाला नाद लागला होता. संध्याकाळी सावली झाली की बायका आपापली पाझरणारी मडकी घेऊन वेशीवर येऊन बसायच्या. घरी तशीही धूळ खात पडलीत, म्हणायच्या, फोडा. पोरं पैजा लावायची. मडकं कुठपर्यंत पोहोचतं यावरून म्हाताऱ्यांची भांडणं व्हायची. ज्योती रोज न्हाऊन परत यायची आणि म्हणायची की बोदवडला इतकं पाणी अंघोळीलासुद्धा मिळत नाही. ज्या संध्याकाळी मडकं म्हसोबाचा चढ चढून, उतरून, भरलेलं परत आलं, त्या संध्याकाळी प्रमिलाबाईंनी लेकीवरून तुकडा ओवाळला. पहिल्या दिवशीचा राहून गेला होता ना.

दुसऱ्या दिवशी प्रेमराज न बोलावता धामणपाटला गेला. मुराळी म्हणून आत घेतला, पाट मांडला, वाढलं. अंगणात माणूस आला की आधी जेवण, मग भांडण, ही त्या घरची रीत. तानुबाई दाराच्या आड बसलेली, अंगावर नवं नऊवारी. पोराने नाही म्हटलेलं असतानाही ती लुगडं नेसून तयार होती, आणि तिच्या शेजारी तयार होती गोधडीत गुंडाळलेली घागर.

यादवने आधी जेवण होऊ दिलं. हात धुतल्यावर म्हणाला की आधी मला बसव. नाल्यापर्यंत नेऊन परत आण. यादवचं वजन तानुबाईच्या दुप्पट होतं आणि विश्वास निम्मासुद्धा नव्हता. प्रेमराजने त्याला मागे बसवलं. सुरुवातीला यादव दोन्ही हातांनी मागचा कठडा धरून, पाय खाली सोडून, पडायच्या तयारीनेच बसला होता. नाल्याच्या खडीवर गाडी डुलली तेव्हा त्याने तोंडाने काही देवांची नावं घेतली. मग गाडी आपोआप सरळ झाली. परत येताना त्याचे पाय पायदानावर होते आणि तो वांग्याच्या भावाबद्दल बोलत होता.

अंगणात उतरल्यावर त्याने घागर उचलून आईच्या मांडीवर ठेवली.

"ने," तो प्रेमराजला म्हणाला. "पन घागर फुटनी तं मना घर येऊ नको."

आईबद्दल काहीच बोलला नाही. म्हातारीने ते ऐकलं आणि सुनेकडे पाहून हसली.

तानुबाई काष्टा घातलेली, गड्यासारखी दोन्हीकडे पाय टाकून बसली. घागर तिच्या नि प्रेमराजच्या मध्ये. निघताना तिने बजावलं.

"हळू चाल, भो. माले माहेरले जानं शे, सरगले नही."

"हो, फुई," तो म्हणाला. गावच्या लेकीला तो आत्याच म्हणायचा, आणि आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात.

खडी लागली तशी तानुबाई गौराईचं गाणं गुणगुणायला लागली. आवाज चिरका, पण पक्का. प्रेमराजला ते फार बरं वाटलं. मागे वळून बघायला नको होतं. गाणं चालू आहे म्हणजे बाई आहे. एका ठिकाणी गाणं थांबलं तेव्हा त्याने गाडी थांबवून पाहिलं, तर तिला पुढची ओळ आठवत नव्हती.

म्हसोबाचा चढ आला. खडी सुटी, ऊन डोक्यावर, आणि तोच निंब उजव्या हाताला. प्रेमराजने विचारलं की फुई, जरा उतरतेस का, वर बस.

"मी नही उतरस," ती म्हणाली. "तू माले आठे उतारीसन घर निंघी जाशी."

म्हणजे तिलाही माहीत होतं. सगळं माहीत असून ती बसली होती. प्रेमराजने मुठी सैल केल्या, पहिला गिअर टाकला, आणि चढाकडे न पाहता माथ्यावरच्या विजेच्या खांबाकडे पाहिलं. मागचं चाक एकदा जागच्या जागी फिरलं, खडी उडाली, घागर त्याच्या पाठीला लागली. त्याने रेटलं नाही. चाकाने आपली पकड आपण शोधली. गाडी म्हशीसारखी डुलत, कण्हत, वर गेली. उतारावर पुढच्या ब्रेकची चिंधी बोटाला लागली; बोट मागे आलं. मागचं चाक थोडं बाजूला सरकलं, परत आलं. मागून गाणं चालू होतं. आता तिला पुढची ओळही आठवली होती.

वेशीवर सगळं गाव. बायका, पोरं, पैजा लावणारे म्हातारे. ताईबाईच्या दारात गाडी थांबली. ताईबाईने नणंदेवरून तुकडा ओवाळला, तानुबाई घागर छातीशी धरून उतरली, गोधडी सोडली, घागर बोटाने वाजवून पाहिली. खणखणीत वाजली. नणंद-भावजय एकमेकींचे हात धरून उभ्या राहिल्या, आणि बाकीच्या बायकांनी घागरीवरून हात फिरवून घेतला.

तेवढ्यात मागे धाडकन आवाज झाला. घागरीकडे बघत उतरताना प्रेमराज स्टँड लावायलाच विसरला होता. जागच्या जागी, सपाट अंगणात, गाडीसकट तो आडवा झाला होता. ज्योती सगळ्यात आधी पोहोचली. तिने आधी गाडीची टाकी पाहिली, मग भावाला पाहिलं, आणि म्हणाली की खडीवर पडला नाहीस आणि शेणाने सारवलेल्या अंगणात पडलास, हे मी बोदवडला सांगणार आहे.

अखाजीला तानुबाईने भावाची घागर आपल्या हाताने भरली. सांजोरी ठेवली, आंबा ठेवला. सुरतेहून पहाटे आलेले भाचे आत्याच्या पाया पडले, आणि प्रेमराजच्या नावाने कुणीतरी चहा टाकला. दुपारी गावातल्या निंबाला बांधलेल्या झोक्यावर लेकींनी तानुबाईला बसवलं. तिने सगळ्यांत उंच झोका घेतला. खाली उभ्या पोरींनी हळू, हळू म्हटलं, तर ती वरून म्हणाली की मी खडीवरून आलेय, मला काय होणार. पुरुष पत्त्यांत, पोरं आंब्यांत, आणि मुराळी गिरणीच्या ओट्यावर घोरत पडलेला. त्या दिवशी गावात दळण नव्हतं.

सण झाला. लेकी परत निघाल्या. तानुबाईला न्यायला यादव पिकअप घेऊन आला होता. परत न्यायला आंडोर चालतो. ज्योतीला प्रेमराज शिंदखेड्याच्या स्टेशनावर सोडायला निघाला. मागे ज्योती, तिच्या मांडीवर जांभळी थैली, थैलीत कुरडया, पापड आणि ताईबाईने दिलेला आंब्याच्या रसाचा एक भला मोठा डबा.

म्हसोबाच्या चढाला, निंबाखाली, प्रेमराजने स्वतःहून गाडी थांबवली. उतरला. किल्ली गाडीतच ठेवली आणि सावलीतल्या दगडावर जाऊन बसला. शेजारच्या मळ्यातल्या बाईने लांबून हात केला. तिला वाटलं पुन्हा कुणी सांडलं.

ज्योती पुढे सरकली. मूठ धरली, पाय टेकवून पाहिला. गाडीने सुरू होऊन एक गुरगुराट केला. प्रेमराजने मुकाट्याने रुमाल डोक्यावर ओढून घेतला. उन्हाने जमीन तापली होती, पण सावलीत बरं होतं. हेही सुख आहे, असं त्याला वाटायला लागलं, आणि तेच बहुधा ज्योतीच्याही लक्षात आलं.

तिने किल्ली फिरवून गाडी बंद केली आणि परत मागे सरकली.

"आज नही," ती म्हणाली. "आगगाडी चुकी जाई. दिवाळीले दखू. भर उन्हात, सावली नसेल तिथे."

तो उठला, पुढे बसला, मुठी सैल धरल्या. स्टेशन येईपर्यंत तो दर वळणावर विचारत राहिला की बसलीस का, आणि ज्योती दर वळणावर थैलीच्या आवाजात हूं म्हणत राहिली.